रेवाच्या दुधातली पुडी

५ जानेवारी २०१७, गुरुवार
पहाटेपासून पडवीत माणसं. सायवनहून एक बाई आणि तिचा दीर, धाकटी डहाणूचा एक खलाशी, बाकीची जवळपासची. सगळ्यांचे डोळे पिवळे. काविळीचं औषध दह्यातून देऊन होईपर्यंत ऊन अंगणात उतरलं होतं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, घालून दिलेली रीत तशीच चालू आहे. रविवार आणि गुरुवार. अनशापोटी. पैसा घ्यायचा नाही. पाल्याचं नाव कोणाला सांगायचं नाही. औषध बोललं की त्याचा गुण जातो.

खलाशाने विचारलंच, "दादा, पाला कसला आहे हा?"

मी हसलो. सायवनची बाईच त्याच्यावर डाफरली, "गप पी ना रे. तुला बरं व्हायचंय का त्याची लागवड करायचीय?"

रेवा माझ्या मांडीवर होती. माझी नात. दीड वर्षाची झाली तरी अजून उभी राहत नाही. जाताना त्याच बाईने तिच्या पायांकडे बघितलं. "पाय वाकडे वाटतात हो हिचे." सौ.ने बाहेर येऊन रेवाला उचलून आत नेलं. दिवसभर धुसफुसत होती.

९ जानेवारी
महेशने, माझ्या मुलाने, कंपनीतून सुट्टी घेतली. तो तारापूरला पाळीवर असतो, सुट्टी सहज मिळत नाही. तो आणि सून स्वाती रेवाला घेऊन डहाणूला मुलांच्या डॉक्टरकडे गेले. रक्त तपासलं, मनगटाचा फोटो काढला. हाडं मऊ आहेत. ड जीवनसत्त्व फार कमी. औषधाच्या पुड्या लिहून दिल्या. डॉक्टर म्हणाले, पोरीला ऊन दाखवत नाही का?

सौ. म्हणाली, "समुद्रकाठी जन्मलेल्या पोरीला ऊन कमी? काय बोलतो तो माणूस."

पण खरं आहे. पोर काळी पडेल म्हणून हीच तिला माजघराबाहेर काढत नाही. दुपट्यात गुंडाळून ठेवते.

संध्याकाळी स्वाती सांगायला आली. "बाबा, ती पुडी आठवड्यातून एकच द्यायची आहे, आणि डॉक्टर म्हणाले की—"

सौ.ने तिला मध्येच थांबवलं. "औषधाचं बोलू नकोस गं. या घरात बोलत नाहीत. गुण जातो."

स्वातीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. रीत माझ्याच पडवीतली. ती आत गेली.

१५ जानेवारी, रविवार
औषधाला आज कमी लोक. चिकूची तोड चालू आहे, सगळे कामावर. रेवा दाराच्या चौकटीला धरून बसते, पुढे सरकत नाही. तिच्याएवढी शेजारची पोरं अंगणभर धावतात. बघवत नाही.

२२ जानेवारी, रविवार
पूजेला बसलो तरी मन लागलं नाही. आठवड्याला एक पुडी. म्हणजे काय? साध्या काविळीलाही दोन वार लागतात. हा तर हाडांचा प्रश्न. स्वाती तरुण आहे, सांगितलं तेवढंच करील. तिला काय कळतं. मी तीस वर्षं औषध देतोय.

२५ जानेवारी
स्वातीने पुडी फोडून टाकून दिलेलं रिकामं पाकीट मी उचललं आणि डहाणू स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये दाखवलं. दुकानाचा गुजराती शेठ म्हणाला, "हे ना? हे तर टॉनिक छे काका. ताकदीसाठी. आजकाल सगळेच घेतात, मी पण घेतो." पूर्ण डबी घेतली. पाकिटावर सगळं इंग्रजीत. शेठला विचारलं, पोराला चालते? "चालते ना. डॉक्टरनेच लिहिलेली ना?"

लिहिलेली तर आहे.

२६ जानेवारी, गुरुवार
लोकांना काविळीचं देऊन झाल्यावर देवापुढे नैवेद्याचं दूध ठेवलं. त्यात पुडी टाकली. रेवाला मांडीवर घेऊन वाटी तिच्या ओठांना लावली. गोड लागतं, घटाघटा प्यायली. कोणाला बोललो नाही. डबी देव्हाऱ्यात, गंधाच्या डबीमागे ठेवली.

आता रविवार आणि गुरुवार. काविळीसारखंच.

९ फेब्रुवारी, गुरुवार
दिली.

१६ फेब्रु., गुरु.
दिली. सौ. रेवाला कडेवर घेऊन परसात गेली होती. मी मागून गेलो तर पदराआड काहीतरी लपवलं. तिची बहीण परवा चिंचणीहून आली होती. त्यांच्या नातवासाठी काहीबाही आणतात, तसलं काही असेल. तिनं विचारू नये म्हणून मीही विचारलं नाही.

२० फेब्रुवारी
रेवा उभी राहिली!! तुळशीवृंदावनाला धरून. स्वाती धुणं वाळत घालत होती, तिने हातातलं लुगडं टाकून दिलं आणि ओरडली. सौ. देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली ती कितीतरी वेळ उठलीच नाही. महेशला फोन केला, कंपनीत फोन घेत नाहीत तरी घेतला. म्हणाला, "व्हिडिओ पाठवा." आम्हाला कोणाला व्हिडिओ काढायचं सुचलंच नव्हतं.

देवा, तुझी कृपा.

१३ मार्च
धुळवड. रेवा चालली. पडवीपासून माझ्यापर्यंत. अंगावर रंग, तोंडात बोट. पडली, उठली, परत आली. धाकटी डहाणूची मावशी बोंबील घेऊन आली होती, टोपली खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली. "ए पोरी, ये माझ्याकडं. तुझ्या आजोबाला आता पळवत ठेव."

स्वाती मला म्हणाली, "डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं ना बाबा." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, डॉक्टर आहेच, पण देणारा हात वेगळा. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं ते लिहितो.

२ एप्रिल, रविवार
दिली. चालू ठेवायचं. गुण आला म्हणून मध्ये सोडलं की रोग परत उचल खातो, हे अण्णांचं म्हणणं.

१४ एप्रिल
महालक्ष्मीच्या यात्रेला जाऊन आलो. रेवाला खांद्यावर घेतलं. रस्ताभर कुरकुर. आधी यात्रेत किती हसली असती. शी होत नाही तिला, दोन-तीन दिवस तशीच जातात. सौ. म्हणते दात येतायत.

२३ एप्रिल, रवि.
दिली. निम्मं दूध ओकली. उरलेलं परत पाजलं.

३० एप्रिल, रवि.
सारखं पाणी मागते. "पानी, पानी." पेला रिकामा केला की परत पुढे करते. स्वाती म्हणते रात्रीत दुपटी बदलून बदलून थकले. मी म्हटलं, उन्हाळा आहे. खरंच आहे उन्हाळा.

५ मे
मासळीवाली मावशी आज थेट बोलली. "दादा, पोरीचा रंग गेला की. होळीला कशी होती. आता बघा, डोळे आत गेलेत."

ती गेल्यावर सौ. माझ्यावर उखडली. "तुम्ही सगळ्यांना दाखवत फिरलात. यात्रेत खांद्यावर काय घेतलंत. दृष्ट लागली तिला." मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. तडतडलं नाही म्हणून परत उतरवली.

११ मे, गुरु.
दिली. अशक्त झालीय म्हणून मारुतीच्या शनिवारीही द्यायला सुरुवात करतो. आठवड्यात तीन.

१८ मे, गुरु.
दिली. पाजताना तोंड घट्ट मिटून घेते. नाक धरून पाजलं.

२४ मे
बसून राहते. चालत नाही. जिथे ठेवावी तिथे. तोंडाशी बोट नेत नाही, हसत नाही. स्वाती म्हणाली तळासरीला आईकडे जाते थोडे दिवस, हवा बदलेल. सौ.ला आवडलं नाही. महेशची रात्रपाळी.

मी जप करत बसलो. देवा, तिचं काय चुकलंय.

२८ मे, रवि.
पहाटे औषधाला माणसं आली आणि आत रेवा ओकत होती. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. अंग ढिलं पडलेलं. हाक मारली तर डोळे उघडते आणि मिटते. लोक तसेच पडवीत सोडून रिक्षा केली. डहाणूला दाखवलं, त्यांनी एक सलाईन लावून वलसाडला न्यायला सांगितलं. गाडीत स्वातीच्या मांडीवर रेवा. सौ. तिच्या पायावरून हात फिरवत होती.

२९ मे
वलसाड. मोठं इस्पितळ. डॉक्टरबाई तरुण आहेत, मराठी चांगलं बोलतात. रक्तात कॅल्शियम असायला हवं त्याच्या दीडपट. असं लहान मुलांमध्ये उगाच होत नाही म्हणाल्या. "घरात हिला दिलेलं जे जे औषध आहे, सगळं घेऊन या. टॉनिक, थेंब, झाडपाला, काहीही. मला सगळं बघायचंय."

मी आणि महेश गाडीवरून घरी आलो. स्वातीच्या कपाटात एक रिकामं पाकीट. बस. महेश म्हणाला, "हे तर फेब्रुवारीतच संपलं, बाबा." मी देव्हाऱ्यापाशी गेलो आणि गंधाच्या डबीमागून डबी काढली. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली. मग आईला फोन लावून विचारलं, तूही काही देत होतीस का. सौ.चा आवाज ऐकू आला, "तांदळाच्या डब्यात बघ. तळाशी."

तांदळात हात घातला तर थेंबांची बाटली. दुसरी, तिसरीही. दोन रिकाम्या.

महेश तिथेच, तांदळाच्या डब्याशी, खाली बसला.

२९ मे, परत
वलसाडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरबाईंनी टेबलावर तिन्ही मांडलं. माझी डबी, सौ.च्या बाटल्या, स्वातीचं पाकीट. हात लावून एकेक वाचलं. मग म्हणाल्या, "हे एकच औषध आहे, ड जीवनसत्त्व. तिन्ही." "डबी कोणाची?"

मी म्हटलं, "माझी. रविवार-गुरुवार. आता शनिवारपण."

"थेंब?"

सौ. पुटपुटली, "मी द्यायचे. रोज सकाळी. एक पिचकारी भरून."

"भरून? थेंब मोजून द्यायचे असतात, आजी."

स्वाती भिंतीशी उभी होती. "मी डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच पुड्या दिल्या. संपल्यावर बंद केल्या. तेव्हाच म्हणाले होते, जास्त दिलं तर विष होतं, दुसऱ्या कोणी देऊ नका." मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगायला आले होते."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समजावून सांगितलं. पोटात गेलेलं सगळंच लघवीवाटे निघून जात नाही, काका. हे शरीरातल्या चरबीत साठतं. हे जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मग भूक जाते, बद्धकोष्ठ होतं, उलट्या होतात, तहान लागते. पोराला अशक्तपणा आला म्हणून तुम्ही अजून दिलंत. त्यानेच अशक्तपणा येत होता.

त्याच वेळी तोंड मिटून घेत होती ती. नाक धरून पाजलं.

१ जून, गुरुवार
सलाईन सतत. लघवी होण्याचं इंजेक्शन, आणखी कसली कसली. दूध बंद. ऊनही बंद! खिडकीचा पडदा ओढून ठेवलाय. ज्या पोरीला ऊन कमी पडलं म्हणून हे सगळं सुरू झालं, तिला आता उन्हापासून लपवायचं.

पडवीत आज लोक आले असतील. शेजारच्या बाळूला फोन केला, सांग त्यांना, मी नाही. बाळू म्हणाला, "सांगितलं. एकजण म्हणतो तू घरी नाहीस तर बायकोला तरी द्यायला सांग." मी फोन ठेवला.

३ जून
कॅल्शियम थोडं उतरलं. रेवाने आईकडे बघून ओठ हलवले.

पोटाची सोनोग्राफी केली. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत जरा जास्तच वेळ थांबल्या. दोन्ही मूत्रपिंडांत पांढरे ठिपके. कॅल्शियम तिथे बसलंय. जाईल का, विचारलं. म्हणाल्या, काहींमध्ये कमी होतं, काहींमध्ये राहतं. आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. मूत्रपिंड काम करतंय, हे चांगलं आहे.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. नाव घ्यायला माळ काढली. हातात धरली फक्त.

५ जून
सौ. दोन दिवस नीट जेवली नाही. बहिणीचा फोन आला तर तिच्यावर ओरडली, "तूच आणून दिलंस." बहीण रडली. मग ही पण रडली. मी म्हटलं, "तिनं आणलं, पण पाजलंस तू. आणि मी पण पाजलं." ती म्हणाली, "तुम्ही बोललात का कधी मला? दोघं एकाच घरात. एकाच पोरीला." तीसएक वर्षं आम्ही एकमेकांना कशाकशाबद्दल विचारलं नाही, ते आठवत बसलो.

१२ जून
महेश आला. पाळी बदलून घेतली म्हणाला. माझ्याशेजारी बसला, चहा दिला. "बाबा, तुम्ही मला एक फोन करायचा होता. एकच. मी डॉक्टरला विचारून सांगितलं असतं." बस, एवढंच. तो ओरडला असता तर मी काहीतरी बोललो असतो.

२० जून
घरी सोडलं. कॅल्शियम अजून वर आहे, पण उतरतंय. महिनोन्महिने लागतील. रक्त दर आठवड्याला. स्वाती रेवाला घेऊन सरळ तळासरीला गेली. आमच्याकडे आली नाही. गाडीत बसताना म्हणाली, "आई, बाबा, मी रागावले नाहीये. पण मला आता झोप नीट लागली पाहिजे." सौ.ला समजलं नाही. मला समजलं. आमच्या घरात ती झोपली तर सकाळी उठून विचारावं लागेल, रात्री कोणी काय दिलं.

२ जुलै, रवि.
तळासरीला जाऊन आलो. स्वातीच्या आईने चहा केला, बरं बोलली, पण रेवाला माझ्याकडे दिलं नाही. खोलीचं दार लावलेलं, आत अंधार. रेवाचे गाल आले आहेत थोडे. मला बघून हात पुढे केला. स्वातीने तिला माझ्या मांडीवर बसवलं आणि स्वतः समोर बसून राहिली. माझ्या हातांकडे बघत. मी दोन्ही हात उघडे ठेवले.

१३ जुलै, गुरुवार
दीड महिना पडवी बंद ठेवली होती. आज लोक आलेच. देऊ की नको, ठरत नव्हतं. सायवनच्या बाजूचा एक बाप आला, बरोबर वर्षाचं पोर, डोळे आणि अंग पिवळं धमक. ओंजळ पुढे केली.

मी म्हटलं, "भाऊ, लहान पोराला मी देत नाही. कासाला नाहीतर डहाणूला सरकारी दवाखान्यात ने. रक्त बघू देत."

"का बरं? तुझ्या बापानं माझ्या भावाला दिलेलं, तो पण एवढाच होता. त्यानं रक्त नव्हतं मागितलं."

"मी मागतो."

"तुला आता पैसे पाहिजे असतील." बाजूची माणसं हसली. एकजण म्हणाला, "शिकला दादा. वलसाडहून शिकून आला."

त्या बापाला आणि पोराला घेऊन मी रिक्षाने डहाणूला गेलो. दाखल करून घेतलं पोराला. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलं. त्या बापाने मला तंबाखू दिली.

मोठ्यांना मात्र परत येऊन दिलं औषध. लहानांना नाही. हे बरोबर की अर्धवट, कळत नाही. अण्णांचा हात बरा होता की त्यांच्या वेळी कोणी मोजत नव्हतं, हे आता कोणाला विचारू.

१७ जुलै
पूजा करतो. नैवेद्याला आता साखर ठेवतो, दूध नाही. देवाला चालतं बहुतेक. मला देवाचा राग येत नाही. एवढंच वाटतं की कृपा म्हणून जे मी घेतलं ते औषध होतं, आणि शाप म्हणून जे घेतलं तेही औषधच होतं. देव मध्ये कुठे होता, माहीत नाही. कदाचित स्वाती सांगायला आली तेव्हा दारात उभा होता.

६ ऑगस्ट, रवि.
पहाटे पडवीत बसलेल्यांना आज स्वतःहून सगळं सांगितलं. पाल्याचं नाव सांगितलं. किती देतो, कशात देतो, सांगितलं. घरी दुसरं काही औषध चालू असेल तर मला सांगा, नाहीतर देणार नाही. म्हातारी जानकीबाय उठून उभी राहिली, "आता याचा गुण गेला," आणि दही न घेता निघून गेली. बाकीचे बसले. अण्णांच्या फोटोकडे बघवेना, आत गेलो.

२४ ऑगस्ट
उद्या गणपती. महेश तळासरीहून दोघींना घेऊन आला. रेवा चालते! हळू, पाय अजून थोडे फाकलेले, पण चालते. स्वातीने पिशवी खाली ठेवायच्या आत सांगितलं, "एक गोष्ट. हिच्या तोंडात काय जाईल ते मीच ठरवणार. प्रसादसुद्धा." मी हो म्हटलं. सौ. मोदकाच्या उकडीत हात घालून बसली होती, मान खाली. डोळ्यांतलं पाणी उकडीत पडू नये म्हणून खांद्याला पुसत होती.

३ सप्टेंबर
सौ. रेवाला उचलत नाही. रेवा पदर ओढते, ही हात मागे घेते. म्हटलं, घे ना. "नको. माझ्या हातात काय आहे ते मलाच माहीत नाही."

१५ ऑक्टोबर, रवि.
रक्त तपासलं. कॅल्शियम जवळजवळ ठीक. हलकं ऊन दाखवायला परवानगी. थोडं दूध. गणपतीपासून स्वाती इथेच आहे. अंगणात चटई टाकते, रेवाला बसवते, फोनवर वेळ लावते. वेळ संपली की घरात. मावशी म्हणाली, "पोरीला पापडासारखी वाळवता काय." स्वाती हसली. कितीतरी दिवसांनी.

१२ डिसेंबर
वलसाड. सोनोग्राफी. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठिपके वाढलेले नाहीत. कमी झालेत का? "थोडे वाटतात. पण गेले असं नाही म्हणता येणार." रक्तदाब, लघवी, हे सगळं बघत राहायचं. मी विचारलं, कधीपर्यंत? "ती मोठी होईपर्यंत, काका." रेवाने त्यांच्या गळ्यातली नळी ओढली. त्यांनी ती तिला कानाला लावू दिली.

१७ डिसेंबर, रवि.
आज दुपारी स्वाती भाकरी थापत होती. रेवा भुकेने रडायला लागली. स्वातीने मागे न बघता म्हटलं, "आई, तिला जरा भरवता का? माझे हात पिठात आहेत."

सौ. जागच्या जागी थांबली. मग ताट घेतलं. "वरण किती घालू?"

"घाला दोन चमचे."

"मीठ?"

"आहे त्यातच. वेगळं नको."

"तूप?"

"थोडं. आई, तुम्हाला येतं हो भरवता."

रेवा मांडीवर बसली. पहिला घास घेतला. दुसरा. तिसऱ्याला तोंड मिटलं आणि मान फिरवली.

सौ.चा हात हवेत राहिला. स्वाती परातीवरून वळून बघत होती. मीही माळ थांबवली. पोट भरलं असेल. किंवा नको असेल. किंवा—

आम्ही तिघं तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिलो. ती मांडीवरून उतरली, अंगणात कोंबडी फिरत होती तिच्यामागे गेली. पडली, उठली. भाकरी तव्यावर करपत होती. सौ. ताट हातात घेऊन दारात उभी राहिली, रेवाला परत भूक लागून ती यायची वाट बघत.